परत न आलेले पासष्ट जण

सोमवार, ३ फेब्रुवारी

पासष्ट! एक नाही, दोन नाही. मॅडमनी यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई उभ्या राहून बोलायला लागल्या की समजायचं, काम किचकट आहे.

पाच वर्षांपूर्वी, एका वर्षात, त्यांनी शहाण्णव जणांच्या डोळ्यांवर काचबिंदूची शस्त्रक्रिया केली. एकतीस जण अजून तपासणीला येतात. उरलेले कुठे आहेत, त्यांना दिसतंय का — कुणालाच पत्ता नाही.

मी म्हटलं, "बरे असतील म्हणून येत नसतील. गरज सरो, वैद्य मरो."

मॅडम हसल्या नाहीत. "काचबिंदू दुखत नाही, ताई. बरा असलेला घरी बसतो आणि आंधळा होत चाललेलाही घरीच बसतो. इथून दोघे सारखेच दिसतात. शोधून काढा."

मीच का? तर तुम्हाला बोलायची कला आहे म्हणे. ते मात्र खरं. अकरा वर्षं या दवाखान्यात माझं काम एकच. शस्त्रक्रियेआधी पेशंटला समोर बसवायचं, प्लास्टिकचा मोठा डोळा उघडून दाखवायचा, धीर द्यायचा, सही घ्यायची. रडत आलेला माणूस पाच मिनिटांत हसत सही करतो. आमचे हे म्हणतात, "तू दगडाचीही सही घेशील."

डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र मिळालं, जाड पेनासारखं. गाडी मिळाली. मजा आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदाच खोलीबाहेर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ह्यांच्यावर सराव केला. डोळा बधिर करायचा थेंब टाकला, यंत्र टेकवलं. पंधरा आणि सोळा. वीसच्या आत म्हणजे झकास. नंतर तासभर खुर्चीतून हलले नाहीत — "डोळे बधिर झालेत, भांडी कशी घासू?" भांडी डोळ्यांनी घासतात हे लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ड्रायव्हर मिळालाय तो पंचावन्नचा, गाडी त्याच्याहून थोडी म्हातारी. काहीही विचारा, उत्तर एकच: "सावकाश." वळण कधी येणार? सावकाश. जेवायचं कधी? सावकाश. मी त्याचं नावच सावकाश ठेवलंय. त्याने हरकत घेतली नाही. घेईल, सावकाश.

आज चौघे सापडले. वीटभट्टीवरची बाई ठणठणीत, दाब चौदा. "दुखत नव्हतं, मग कशाला यायचं?" म्हणाली. दुसऱ्या घरी कळलं की आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. आजी म्हणाल्या, आलाच आहात तर माझाच मोजा. मोजला. मोजताना त्या आजोबांबद्दल बोलत होत्या, जणू आजोबा आत झोपलेत. यादीतला एक फोन लावला तर पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "मी तो नाही. चार वर्षं झाली, सगळे मला डोळ्यांचंच विचारतात."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

टायर पंक्चर. सापडले शून्य. सावकाशने चाक बदललं — कसं, ते लिहायला नको.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना श्वास सोडायला जागा उरत नाही. भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकाचं वेगळंच म्हणणं. काका उजव्या डोळ्यात भिंग अडकवून एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होते.

दवाखान्याचं नाव काढलं आणि भिंग खाली आलं. "फसलं तुमचं ऑपरेशन," म्हणाले. रागाने नाही, पाऊस पडला नाही म्हणतात तसं.

"का हो काका?"

"आधी दिसत होतं तेवढंच नंतर दिसलं. वर महिनाभर धुरकट, ते वेगळंच. शेजारच्याचा मोतीबिंदू काढला, तो दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागला. आणि मला तेवढंच. तीन महिन्यांनी डाव्या डोळ्यासाठी बोलावलं होतं. म्हटलं, एक फुकट गेला तेवढा पुरे."

म्हटलं, मोजून तर बघू. उजवा: तेरा. पाच वर्षांनी, एकही औषध न घालता, तेरा! मॅडम नाचल्या असत्या. मग डावा. एक्केचाळीस. यंत्र पुसून पुन्हा मोजला. एक्केचाळीस.

मी तळहाताने त्यांचा उजवा डोळा झाकला. "आता काय दिसतं?"

काकांनी दाराच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "दार कुणी लावलं?"

दार उघडंच होतं. दुपारचे बारा वाजले होते, ऊन थेट गल्ल्यापर्यंत आलं होतं. मी हात काढला. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने उजवा डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. असं चारपाचदा.

"हा कधी गेला?" त्यांनी विचारलं.

कधी गेला ते मी कुठून सांगणार? काचबिंदू कडेकडेने खात येतो, दुसरा डोळा त्याची भरपाई करत राहतो. भिंग कायम उजव्यात. डाव्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी समजावलं. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो, मागची नस मरते. ऑपरेशनमध्ये त्या पाण्याला बारीकशी वाट करून देतात. मेलेली नस परत येत नाही. उरलेली तेवढी राहते.

"म्हणजे तेवढंच दिसणं, हेच बरं होणं?"

"हो."

"ज्याला पाच वर्षं शिव्या घातल्या, त्याच डोळ्याने मी पोट भरतोय." त्यांनी भिंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मग हे तेव्हा का नाही सांगितलं कुणी? तिथे एक बाई होत्या. हसऱ्या. म्हणाल्या, काका, काही काळजी करू नका, मस्त दिसायला लागेल. मी मस्त दिसायची वाट बघत राहिलो."

मी यंत्र पिशवीत ठेवलं. दवाखान्यात पुन्हा यायला हवं, एवढंच मी म्हणाले. काकांनी मान हलवली. मी गाडीत येऊन बसले. सावकाश म्हणाला, "ताई, आज गप्प?"

मस्त दिसायला लागेल. दवाखान्यात असं एकच बाई म्हणते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आता नीट विचार करू. डोळ्याला सुरी लावणार आणि तुला आत्ता दिसतंय त्याहून रेघभरही जास्त दिसणार नाही — असं सांगितल्यावर सही कोण करेल? कुणीही नाही. सही नाही तर ऑपरेशन नाही, ऑपरेशन नाही तर उजवाही गेला असता. म्हणजे त्यांचा उजवा डोळा माझ्याच थापेमुळे शाबूत आहे.

आणि डावा?

कशावरून तरी हे म्हणाले, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." रोजच म्हणतात. आज मी वाटी जोरात आपटली. ते बिचारे बघतच राहिले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आठवड्याभरात बारा. वहीत मी एक नवा रकाना आखलाय. दाब मोजून झाला की विचारते, "ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला काय सांगितलं होतं?" सहज विचारल्यासारखं. उत्तरं:

"हळूहळू उजेड वाढेल."

"चष्मा लागणार नाही म्हणाल्या."

"काही आठवत नाही, पण बाई गोड होत्या."

निवृत्त पोस्टमन: "दिसायला लागेल म्हणाल्या. नाही लागलं. तुमची चूक नाही, माझंच नशीब." त्यांचा दाब तेहेतीस. ऑपरेशनची वाट बुजत आलीय, पण नजर अजून आहे. चिठ्ठी लिहून दिली, सोमवारी दवाखान्यात या, असं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सावकाशने सांगितलं. ते त्याचं ऐकतील असं वाटतं, तो फारसं बोलत नाही ना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचं लिहायला हवं. टाळतेय म्हणूनच लिहायला हवं.

नदीकाठी, रस्ता संपतो तिथलं शेवटचं घर. बाई माझ्याहून लहान, त्रेचाळीसची. अंगणात कोंबड्या. ती खाली बसून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत मोजत होती. सात, आठ, नऊ. मी फाटकातून हाक मारली, "कुणी आहे का घरात?"

ती उठली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगबाई. तुम्ही त्याच ना? दवाखान्यातल्या?"

यादीतल्या कुणीही आजवर मला चेहऱ्याने ओळखलं नव्हतं. तिने आवाजाने ओळखलं.

मला हाताला धरून आत नेलं. चहा केला. कपाच्या काठाला आतून बोट लावून ओतला, थेंब सांडला नाही. सगळ्या वेळ बोलत होती. "तुमच्यामुळे मी टेबलावर चढले. नाहीतर पळूनच गेले असते. नवऱ्याला अजून सांगते, काय धीर दिला हो त्या ताईंनी."

दोन्ही डोळे झाले होते, दोन महिन्यांच्या अंतराने. वर्षभर बरं होतं. मग कडा पुसट व्हायला लागल्या. आतली वाट बुजली असणार. तेव्हाच आली असती तर मॅडमनी ती पुन्हा उघडली असती, नाहीतर थेंब दिले असते. काहीतरी केलं असतं. मी दाब मोजला. शेहेचाळीस, पन्नास. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं तिला, बाकी काही नाही.

मी विचारलं, "कमी दिसायला लागलं तेव्हा का नाही आलात?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, वेळ लागेल, पण मस्त दिसेल. म्हटलं, बरं होताना असंच होत असेल. घाई कशाला करायची?" मग माझा हात शोधला, त्यावर हात ठेवला. "बरं झालं आलात. अजून किती वेळ लागेल, ताई?"

माझ्याकडे दहा उत्तरं तयार होती. अकरा वर्षांची सवय. त्यातलं एक जिभेवर आलंसुद्धा.

"नाही येणार," मी म्हटलं. "जे गेलं ते परत येत नाही. तेव्हाही येणार नव्हतं. ऑपरेशन होतं ते उरलेलं टिकवण्यासाठी, आणि त्यासाठी दर काही महिन्यांनी येऊन दाखवणं गरजेचं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तिने हात काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या.

मग म्हणाली, "मग सांगायचं ना. दिसत होतं तेव्हाच घर पाठ करून घेतलं असतं. मी दोन वर्षं धडपडले हो या अंगणात."

फाटकापर्यंत सोडायला आली. एकटीच, भराभर. मी अडखळले, ती नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा घड्याळवाल्या काकांकडे. कुणी पाठवलं नव्हतं. दारातच म्हटलं, "ती हसरी बाई मीच."

काकांनी भिंग काढलं. माझ्याकडे पाहिलं, उजव्या डोळ्याने. एक घड्याळ वाजलं, मग दुसरं, मग आणखी तीन.

"दुकान बंद करायचंय," म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. मी निघाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पोस्टमन आले! हातात छत्री, डोक्यावर टोपी, नेमणुकीच्या पत्रासारखी जपून आणलेली माझी चिठ्ठी. मॅडमनी थेंब सुरू केले, दोन आठवड्यांनी पुन्हा बघणार. "तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून आलो," असं मला ऐकवूनही गेले. सावकाशला सांगितलं. तो म्हणाला, "सावकाश येतात सगळे." आज पहिल्यांदा मला हसू आलं.

शनिवार, १ मार्च

काका आले. बरोबर त्यांची धाकटी बहीण, शिवणकाम करते. काकांनी मला नमस्कार केला नाही. मॅडमना म्हणाले, "भावंडांनाही होतो म्हणे हा आजार. बघा हिला."

सगळ्या तपासण्या झाल्या. दोन्ही डोळ्यांत आहे, पण लवकर सापडला. कडा थोड्या गेल्यात, मध्य शाबूत. ती राहते तिथे थेंब मिळायची मारामार, म्हणून मॅडमचं मत ऑपरेशनचंच पडलं. मग रिवाजाप्रमाणे माझी खोली. काका आत आले, स्टूल ओढून भिंतीशी बसले.

"आता हिला सांगा," म्हणाले. "काय सांगायचं ते."

मी प्लास्टिकचा डोळा उघडला नाही. सरळ सांगितलं. आज दिसतं त्याहून जास्त दिसणार नाही. महिनाभर कमीच दिसेल. दहा-पंधरा दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आतली वाट बुजू शकते, म्हणून जन्मभर तपासणीला यायचं, दुखत नसलं तरी. इतकं करूनही कधी कधी फसतं. एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांचं फसलं.

ती ऐकत होती. मी मनातल्या मनात तिला उठून जाताना पाहिलं.

"म्हणजे आज दिसतं तेवढं राहील?" तिने विचारलं.

"राहावं म्हणूनच करायचं."

"आज मला सुईत दोरा ओवता येतो." तिने भावाकडे पाहिलं. "एवढं राहिलं तर अजून काय पाहिजे? आणि वाकायचं नाही म्हणजे मशीन वहिनी चालवेल. कुठे सही करू?"

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी समजत होते की खऱ्यावर कुणी सही करत नाही. एकदाही करून पाहिलं नव्हतं.

जाताना काका थांबले. माझं मनगटी घड्याळ बघून म्हणाले, "हे सात मिनिटं मागे आहे. सोमवारी घेऊन या."

मंगळवार, ४ मार्च

हिशोब पूर्ण. हे गणिताचे मास्तर, त्यांना टेबलाशी बसवलं. पासष्टांपैकी नऊ वारले, सात सापडलेच नाहीत, एकोणपन्नास तपासले. त्यातल्या सत्तावीस जणांचा दाब उत्तम — आम्हाला वाटलं होतं त्याहून जास्त. बारा जणांचा चढलाय, पण वेळ गेलेली नाही. दहा जणांचा ऑपरेशन केलेला डोळा गेला.

ह्यांनी शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "आणि हे चौतीस कशाचे?"

"दिसायला लागेल असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचे."

"कुणी सांगितलं?"

"मी."

ह्यांनी आकडे पुन्हा तपासले, बरोबर आहेत म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. सव्वीस वर्षांत न सांगता उठायची ही दुसरी वेळ. पहिली वेळ, मुलगी झाली तेव्हा.

शुक्रवार, ७ मार्च

अहवाल दिला. शेवटचं पान मी हाताने लिहिलं: पेशंट परत का आले नाहीत, त्यांना काय सांगितलं गेलं आणि कुणी. खाली सही केली. स्वतःची सही घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मॅडमनी ते पान सगळ्यांसमोर वाचलं. सूर बदलला नाही. भूल देणारे डॉक्टर छताकडे बघत होते. वाचून झाल्यावर मॅडम "ठीक आहे" म्हणाल्या आणि बैठक संपली. नोकरी जाईल बहुतेक. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे. भांडी घासायला दोघं होऊ."

शनिवार, ८ मार्च

संध्याकाळी मॅडम खोलीत आल्या. आज उभ्या राहिल्या नाहीत, पेशंटच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ प्लास्टिकचा डोळा हातात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या-माझ्या खोल्यांमध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे, ताई. तुमचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. पहिल्या दिवसापासून. सह्या होत होत्या, म्हणून मी गप्प राहिले."

सोमवारी नदीकाठच्या घरी दोघी जाणार आहोत.